पंचेचाळीस रणगाड्यांचा हिशेब

अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात सहल नेली की मुले तोफांची लांबी पावलांनी मोजतात आणि मग हटकून विचारतात, "सर, असे किती असतात एका सैन्यात?" नुसता आकडा सांगून भागत नाही. रणगाड्यांची मोट कशी बांधतात, हे सांगावे लागते.

आपल्या सेनेचा सर्वसाधारण हिशेब असा. तीन रणगाड्यांचा एक ट्रूप. असे चार ट्रूप आणि प्रमुखाकडचे दोन रणगाडे मिळून १४ चे स्क्वॉड्रन. तीन स्क्वॉड्रनचे ४२, त्यांत मुख्यालयाचे तीन मिळवले की ४५ रणगाड्यांची रेजिमेंट झाली. म्हणजे पट आपल्या एका वर्गाएवढाच! पण वर्गातल्या ४५ जणांना आपण एकट्याने सांभाळतो (निदान तसे दाखवतो). धूळ, धूर आणि गोळीबार यांत तीन-चार जणांपलीकडे लक्ष ठेवणे अवघड. म्हणून प्रत्येक पायरीवर प्रमुखाच्या हाताखाली तीन-चारच गट. शिवाय तिघांपैकी एक पुढे सरकताना उरलेले दोघे थांबून त्याला गोळीबाराची आड देऊ शकतात.

रेजिमेंटच्या वर ब्रिगेड, डिव्हिजन आणि कोअर. तेथे रणगाड्यांबरोबर चिलखती गाड्यांतले पायदळ, तोफखाना, पूल बांधणारे इंजिनिअर आणि डिझेलचे टँकरही लागतात. टी-७२ रणगाडा रस्त्यावरसुद्धा किलोमीटरला दोन लिटरहून अधिक डिझेल पितो. १०० किलोमीटरला रेजिमेंटचे किती, हे गणित मुलांनाच घालावे. उत्तर ९,००० लिटरच्या पुढे जाते.

ही बांधणी किती मोलाची, ते १९४० साली फ्रान्सला कळले. रणगाड्यांच्या संख्येत फ्रान्स जर्मनीला मुळीच कमी नव्हता, आणि त्याच्या काही रणगाड्यांचे चिलखत तर जास्त जाड होते. पण त्यांतले बरेचसे पायदळाच्या मदतीला विखरून दिलेले होते आणि कितीतरी रणगाड्यांत रेडिओच नव्हता. जर्मनीने आपले रणगाडे दहा डिव्हिजनांत एकवटले आणि त्यांना रेडिओने जोडले. सहा आठवड्यांत फ्रान्स पडला.

रेडिओवरून आठवले. १६ डिसेंबर १९७१ रोजी शकरगढ भागात, जरपाल येथे पूना हॉर्सच्या 'बी' स्क्वॉड्रनवर मोठा प्रतिहल्ला झाला. प्रमुखाने रेडिओवरून कुमक मागितली. 'ए' स्क्वॉड्रनमधल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांनी ती हाक ऐकली आणि कोणी न सांगता ते आपला ट्रूप घेऊन निघाले. पुढे त्यांचा रणगाडा पेटला. तो सोडून देण्याचा आदेश आला. पण तोफ चालू होती आणि शत्रूचे रणगाडे पुढे येतच होते. ते जागचे हलले नाहीत. तेथेच कामी आले तेव्हा त्यांचे वय २१ होते. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचा तो सेंच्युरियन रणगाडा पुढे नगरच्या रणगाडा प्रशिक्षण केंद्रात जतन करून ठेवला गेला.