चव्वेचाळीस तासांची गाडी

सप्टेंबर 2014 मध्ये शिकागोला यंत्रसामग्रीचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथे लोकल मोटर्स या अमेरिकन कंपनीने सगळ्यांच्या देखत एक मोटार त्रिमितीय प्रिंटरवर छापायला घेतली. छपाईला सुमारे 44 तास लागले आणि प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, 13 तारखेला, ‘स्त्राती’ नावाची ती दोन आसनांची विजेवरची गाडी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडली. मिकेले आनोए या इटालियन डिझायनरने तिचं रूप आखलं होतं.

पण ‘छापलेली गाडी’ म्हणजे नेमकं काय काय छापलेलं? मोटर, बॅटरी, वायरिंग, सस्पेन्शन यांतलं काहीच नाही. ते रेनोच्या ट्विझी या छोट्या गाडीतून घेतलं होतं. छापला तो सांगाडा आणि अंग: मजबुतीसाठी चॅसी, दिसण्यासाठी बॉडी आणि बसण्यासाठी सीटचा पाया, असं सगळं मिळून एकच जाड धूड.

यंत्र सिनसिनाटी इनकॉर्पोरेटेडचं होतं आणि त्यामागचं संशोधन टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचं. टेबलावरच्या प्रिंटरमध्ये प्लास्टिकची तार वितळते. इथे थेट दाणा वापरतात, प्लास्टिकच्या कारखान्यात पोत्याने येतो तसा. तारेपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो. गरम नळीतला स्क्रू दाणा वितळवत पुढे ढकलतो आणि नोझलमधून बोटभर नाही तरी चांगली जाड लड बाहेर पडते. घरगुती प्रिंटर तासाला ग्रॅममध्येच मोजावा इतका माल टाकतो. या यंत्राचा वेग तासाला 18 किलोपर्यंत जायचा. स्त्रातीला अशा लडींचे 212 थर लागले.

खरी मेख पुढे आहे. प्लास्टिक थंड होताना आकसतं. खालचा थर आधी आकसतो, वरचा मागून, आणि या ओढाताणीत मोठा भाग कडेने उचलला जातो. म्हणून कित्येक लहान प्रिंटर बंद, गरम पेटीत काम करतात. मोटारीएवढी पेटी गरम ठेवायची म्हणजे विजेचं बिल बघायला नको! ओक रिजच्या मंडळींनी एबीएस प्लास्टिकमध्ये कार्बन फायबरचे बारीक तुकडे मिसळले. त्यामुळे माल कडक झाला, आकसणं बरंच कमी झालं आणि उघड्यावर छापता येऊ लागलं.

तरी थरांचं गणित उरतंच. मातीची भिंत बांधणाऱ्याला विचारा: खालचा रद्दा ओला असेल तर वरच्याच्या वजनाने बसतो, पार वाळला तर वरचा त्याला धरत नाही. इथेही तसंच. खालचा थर फार गरम असला तर लोळतो, फार निवला तर सांधा कच्चा राहतो. शिवाय फायबरचे तुकडे लडीच्या दिशेनेच आडवे पडतात, त्यामुळे वस्तू लांबीत दणकट आणि उभ्या दिशेने, थर सुटायच्या दिशेने, कमजोर होते. कुठला भाग कसा झोपवून छापायचा हे म्हणूनच आधी ठरवावं लागतं.

छपाई संपली की अंग खडबडीत दिसतं, कड्या-कड्यांचं. मग मिलिंगचं यंत्र चाकं, सस्पेन्शन, मोटर बसायच्या जागा तासून अचूक मापात आणतं. छापलेल्या खडबडीत पृष्ठभागावर थेट बेअरिंग बसवायचा विचार कोणी करणार नाही.

छोटी गाडीच का, याचं उत्तर निम्मं यंत्रात आहे, निम्मं कायद्यात. वेग आणि वजन कमी असलं की अंगावर येणारे भार कमी. युरोपात जड क्वाड्रिसायकल हा वर्ग आहे: प्रवासी गाडीचं बॅटरीशिवाय वजन 450 किलोपर्यंत आणि मोटर 15 किलोवॉटपर्यंत. मोटारींना सक्तीच्या असलेल्या टकरीच्या चाचण्या तिथे सक्तीच्या नाहीत. ही सवलत मला तरी सुखाची वाटत नाही, पण नव्या पद्धतीला दार तिथूनच उघडतं. भारतातही 2018 मध्ये क्वाड्रिसायकलला खासगी वाहन म्हणून मान्यता मिळाली. वाळूजला बनणारी बजाजची क्यूट त्याच वर्गातली.

2018 मध्येच इटलीशी नातं असलेल्या एक्सईव्ही कंपनीने शांघायमध्ये एक छोटी विजेची गाडी दाखवली. प्लास्टिकचे दोन हजारांवर भाग 57 वर आणले, असा तिचा दावा होता. छपाईचा खरा फायदा मला इथे दिसतो. दहा तुकडे जोडण्याऐवजी एकच छापला, की स्क्रू, क्लिपा, जोडणारे हात आणि गोदामातले कप्पे, सगळंच वाचतं.

वेळ मात्र वाचत नाही. पत्र्याचं पॅनेल प्रेसखाली काही सेकंदांत वाकतं. त्याची डाय अतिशय महाग असते, पण लाखभर गाड्यांत तो खर्च विरून जातो. छपाईला डाय लागत नाही म्हणून पहिली गाडी स्वस्तात निघते. हजारावी गाडीही तेवढाच वेळ खाते. लोकल मोटर्स 2022 च्या जानेवारीत बंद पडली. ओक रिजच्या मोठ्या छपाईयंत्राला मात्र त्याआधीच दुसरं काम मिळालं होतं: पवनचक्कीच्या 13 मीटर लांबीच्या पात्यासाठी साचे छापायचं. साच्याची गरजच संपवायला निघालेलं यंत्र आता साचेच बनवतं, आणि तिथे त्याचा हिशेब नीट जुळतो, कारण साचा एकदाच लागतो.