शेवटच्या दुखण्यातली सेवा : केंद्र निवडताना काय पाहाल?

या पानावर आपण बी-बियाण्याचे, खताचे, कीडरोगाचे बोलतो. आज जरा वेगळा विषय घेऊ. हा विषय प्रत्येक घरात कधी ना कधी येतोच, पण चावडीवर तो कुणी काढत नाही. घरातल्या माणसाचे दुखणे आता बरे होणारे नाही, असे डॉक्टर सांगतात. मग पुढे काय करायचे?

हा विषय शेतीच्या पानावर कशाला, असे कुणी म्हणेल. पण शिवारात फिरणाऱ्याला त्याचा शेतीशी असलेला संबंध रोज दिसतो. पीक बरे आलेले असते, तरी घर कर्जात असते. चौकशी केली की कळते, म्हाताऱ्याच्या दुखण्यात बैलजोडी गेली, सोसायटीचे पीककर्ज दवाखान्यात गेले, आणि माणूस शेवटी तळमळतच गेला. दुसरीकडे असेही होते, की "आता घरी न्या, सेवा करा" एवढे ऐकून लोक माघारी येतात आणि रुग्ण पडवीत खाटेवर पडून राहतो. दुखले तर कुणाला सांगायचे, हे कुणालाच माहीत नसते. ही दोन्ही टोके झाली. या दोन्हींच्या मध्ये एक वाट आहे.

ही सेवा म्हणजे काय?

या सेवेला उपशामक सेवा म्हणतात. दवाखान्यात पॅलिएटिव्ह केअर हा शब्द ऐकू येतो, आणि रुग्णाला ठेवून घेऊन अशी सेवा देणाऱ्या केंद्राला हॉस्पिस म्हणतात. रोग बरा करणे हे तिचे काम नाही. दुखणे, धाप, उलट्या, जखमा, झोप न लागणे, मनाची घालमेल हे कमी करणे आणि उरलेले दिवस माणसासारखे जगू देणे हे तिचे काम. ही सेवा फक्त कॅन्सरसाठी नाही. मूत्रपिंड निकामी झालेले, हृदय थकलेले, फुफ्फुसाचा जुना आजार असलेले, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, अशा सगळ्यांना ती लागते. आणि ती शेवटच्या आठवड्यातच घ्यायची असेही नाही. मूळ उपचार चालू असतानाही घेता येते.

डॉ. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केले, तिथून आजच्या पद्धतीची सुरुवात झाली. आपल्या देशातले पहिले केंद्र मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये निघाले, ते शांती अवेदना सदन. पुण्यात वारजे येथे १९९७ मध्ये सिप्लाचे केंद्र सुरू झाले. तिथे कॅन्सरच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते. म्हणजे आपल्या जिल्ह्यात ही सोय नवी नाही. फक्त आहुपे, कोंढवळ, तेरुंगण किंवा जुन्नरकडच्या हातवीज, आंबे या गावांपर्यंत तिची माहिती नीट पोचलेली नाही.

पुढच्या काळात अशी सेवा देणारे आणखी निघतील. काही धर्मादाय असतील, काही पैसे घेणारे. कुणी घरी येऊन सेवा देतो म्हणेल. बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग बघतो, लॉट नंबर, उगवणशक्ती, मुदत बघतो आणि पक्की पावती घेतो. मग आईबापाला ज्याच्या हाती द्यायचे, त्याची पारख नको का? ती कशी करायची, ते पाहू.

पहिली कसोटी : दुखणे थांबवता येते का?

ही सगळ्यात मोठी कसोटी. केंद्रात गेल्यावर सरळ विचारा, "तुमच्याकडे मॉर्फिनच्या गोळ्या असतात का? कायम असतात का?" मॉर्फिन हे अफूपासून काढलेले औषध आहे. कॅन्सरच्या जबर वेदनेला त्याच्या तोडीचे दुसरे स्वस्त औषध नाही. अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशातले शेतकरी केंद्र सरकारच्या परवान्याने करतात. पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे परवान्यांचे जंजाळ इतके झाले, की आपल्याच देशातल्या रुग्णाला ती गोळी मिळेना. २०१४ मध्ये कायदा सुधारला. आता राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला हे औषध ठेवता येते. म्हणून "तुम्हाला ही मान्यता आहे का?" हाही प्रश्न विचारा. त्यात भिडेचे काही नाही.

"गोळीची सवय लागेल" ही भीती घराघरात असते. जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन सहसा लागत नाही. मात्र त्याने शौचाला घट्ट होते. चांगला डॉक्टर मॉर्फिनबरोबरच पोट साफ होण्याचे औषध लिहून देतो. ते दिले नाही तर समजा, इथे अनुभव कमी आहे. दुसरी खूण म्हणजे औषध घड्याळाप्रमाणे दिले जाते का. दुखायला लागल्यावर गोळी देणे म्हणजे पीक वाळल्यावर पाणी देणे. वेदना परत डोके वर काढण्याआधीच पुढची गोळी पोटात गेली पाहिजे.

तिसरी खूण, वेदना मोजतात का? पिकाची आणेवारी काढतात तशी वेदनेचीही काढतात. शून्य ते दहा आकड्यांत रुग्णाला विचारतात आणि कागदावर लिहून ठेवतात. काल आठ होती, आज तीनवर आली, असा हिशेब जिथे दिसतो तिथे काम खरे चालते.

दुसरी कसोटी : माणसे शिकलेली आहेत का?

इमारत चकचकीत असून भागत नाही. डॉक्टरांनी आणि नर्सने या सेवेचे प्रशिक्षण घेतले आहे का, ते विचारा. रात्री कोण असते? एका नर्सकडे किती रुग्ण असतात? अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाही तर पाठीला, कमरेला, टाचेला जखमा होतात. वॉर्डातून फिरताना हळूच नजर टाका. चादरी कोरड्या आहेत का? रुग्णांची तोंडे स्वच्छ आहेत का? कॅन्सरच्या जखमेला वास येतो, पण तो कमी करणारी साधी औषधे असतात. खोलीभर वास दाटला असेल, तर काळजी कमी पडते आहे असे समजा.

तिसरी कसोटी : घरच्यांना शिकवतात का?

आपल्या भागासाठी ही कसोटी फार मोलाची. भीमाशंकरहून पुणे शंभर किलोमीटरहून दूर. लावणीच्या दिवसांत, जून-जुलैत, घरातली सगळी माणसे चिखलात असतात आणि पावसाने रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. तेव्हा रुग्णाजवळ कायम राहणे किंवा दर आठ दिवसांनी पुण्याला खेप मारणे जमणार नाही. जे केंद्र घरच्या एका माणसाला जवळ बसवून शिकवते, ते आपल्या कामाचे. कूस कशी बदलायची, जखम कशी पुसायची, नळीतून कसे भरवायचे, कोणती गोळी किती वाजता द्यायची, हे हाताने करून दाखवले पाहिजे. लिहिता-वाचता न येणाऱ्या सुनेलाही कळेल अशी सूर्य-चंद्राची चित्रे काढून गोळ्यांचा तक्ता दिला, तर आणखी उत्तम.

घरी पाठवल्यावर काय, तेही आधीच ठरवून घ्या. रात्री बेरात्री फोन लावला तर उचलणार कोण? तुमच्या गावापर्यंत माणूस येतो का, की मंचरपर्यंतच? औषध संपले तर नातेवाईक येऊन नेऊ शकतो का, की दर वेळी रुग्णालाच आणावे लागते? डोंगरात रेंज नसते, म्हणून पावसाळ्याआधी किती दिवसांचे औषध जवळ ठेवायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

चौथी कसोटी : खरे बोलतात का?

"आमच्याकडे आणा, बरा करून देतो" असे म्हणणारा ही सेवा देतच नाही, हे पक्के समजा. चांगले डॉक्टर काय होईल, काय होणार नाही, ते शांतपणे सांगतात. रुग्णाला किती सांगायचे हे त्याचा कल पाहून ठरवतात. आपण घरचे लोक मात्र रुग्णापासून लपवतो. त्यालाही कळलेले असते, तोही आपल्यापासून लपवतो, आणि जमिनीच्या वाटणीपासून नातीच्या लग्नापर्यंत सगळे बोलायचे राहून जाते. ही कोंडी फोडायला जे मदत करतात, ते खरे जाणकार.

रुग्णाला कुठे राहायचे आहे, हेही त्याला विचारले गेले पाहिजे. पुष्कळांना आपल्या घरात, आपल्या देवासमोर डोळे मिटायचे असतात. कुणी गावच्या भगताला बोलवा म्हणतो. औषध चालू ठेवून त्याच्या श्रद्धेला मान देणारे केंद्र चांगले. आदिवासी माणसाची बोली ऐकून हसणारे केंद्र कितीही नावाजलेले असले तरी आपल्या उपयोगाचे नाही.

पाचवी कसोटी : पैशाचा हिशेब

फुकट आहे की पैसे लागतात, हे पहिल्याच दिवशी विचारा. पैसे लागत असतील तर खाटेचे, औषधाचे, तपासण्यांचे वेगवेगळे आकडे लिहून मागा. आधी मोठी अनामत मागणारे, पावती न देणारे, रोज नव्या रक्त-तपासण्या आणि सलाइन लावणारे, यांच्यापासून सावध राहा. या अवस्थेत "ही तपासणी केल्याने उपचारात काय बदल होणार?" एवढा एकच प्रश्न विचारा. उत्तर आले नाही तर तपासणी नको म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पाहणीला कसे जायचे?

रुग्णाला गाडीत घालून नेण्याआधी घरातल्या दोघांनी एकदा जाऊन यावे. रुग्णाची जुनी फाइल बरोबर न्यावी. दारात बसलेल्या इतर नातेवाइकांशी चहाच्या टपरीवर बोलावे. तिथे जे कळते ते कार्यालयात कळत नाही. विचारायचे एवढेच : हाक मारली की कुणी येते का? दुखणे कमी झाले का? उलट बोलतात का? आणि कुणाचे माणूस गेल्यावर केंद्राने पुढे चौकशी केली का? चांगली केंद्रे मृत्यूनंतरही घरच्यांची खबर घेतात.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांचेही यात काम आहे. केंद्र सरकारने २०१२ मध्ये उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला. उपकेंद्रे आज आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणून ओळखली जातात, त्यांच्या सेवांच्या यादीत वृद्धांची व उपशामक सेवाही आहे. कागदावर आहे ते गावात आहे का, हे ग्रामसभेत विचारायला हवे. आशाताईंकडून गावातल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची यादी करून घ्या. समुदाय आरोग्य अधिकारी त्यांच्याकडे कधी गेले, याची नोंद मागा. घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगावच्या सरकारी रुग्णालयांत आणि औंधच्या जिल्हा रुग्णालयात कोणती सोय मिळेल, हे लेखी विचारून ठेवा. वेळ आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे बरे.

केरळात लोकांनी हे करून दाखवले आहे. १९९३ मध्ये कोझिकोडला काही डॉक्टरांनी लहानसा दवाखाना काढला. पुढे गावोगावचे शेजारी स्वयंसेवक म्हणून तयार झाले आणि २००८ मध्ये त्या राज्याने उपशामक सेवेचे धोरणच केले. तिथल्या पंचायती या कामात उतरल्या. आपल्याकडे लावणीला इर्जिक करण्याची रीत आहे. एकाच्या शेतात सगळे राबतात, मग दुसऱ्याच्या. तीच रीत रुग्णाच्या घरी का चालू नये? आठवड्यातून एक दुपार शेजारच्याने बसायचे, म्हणजे घरची बाई दोन तास निवांत झोपेल.

एक कागदी बाबही सांगतो. माणूस घरी गेला तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद करा आणि शेवटच्या आजारात ज्यांनी उपचार केले त्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्या. सातबाऱ्यावर वारसनोंद, बँकेचे खाते, विम्याचा दावा सगळे या नोंदीवर अडते. चांगले सेवा केंद्र हे आपणहून सांगते. तीही एक कसोटीच.

तेव्हा वाचकहो, हा लेख कापून घरात ठेवा. गरज पडू नये हीच इच्छा. पण पडली, तर दारात गेल्यावर पहिला प्रश्न विसरू नका : "आमच्या माणसाचे दुखणे तुम्ही थांबवाल का, आणि रात्री फोन कोण उचलेल?"