ज्याचे नाव यादीत नव्हते

आमच्या शीव कोळीवाड्यात मुंबईच्या रणजी संघाची निवड रविवारी सकाळी होते. स्टेशनच्या पाटीवर ‘गुरु तेगबहादूर नगर’ असे नाव झळकू लागल्याला पुष्कळ वर्षे लोटली, पण आमच्या तोंडी अजून कोळीवाडाच आहे. तर या कोळीवाड्यात मासळीसाठी पिशवी घेऊन उभे राहिलेले चार-पाच निवृत्त गृहस्थ, पंजाबी कॅम्पातले एक सरदारजी आणि टोपलीमागे कोयता घेऊन बसलेली आमची मावशी, एवढ्यांची ही निवड समिती आहे. समितीला मानधन नाही आणि तिचे निर्णय कोणी मानत नाही. त्यामुळे ती अगदी निःपक्षपाती आहे.

२६ जानेवारी २०२५ च्या रविवारी समिती भयंकर तापलेली होती. आदल्याच दिवशी जम्मू-काश्मीरने मुंबईला मुंबईत, बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानावर पाच गडी राखून हरवले होते. आमच्यापासून हे मैदान हाकेच्या अंतरावर म्हणावे असे. शीवचा जुना पूल वाहनांना बंद झाल्यामुळे वळसा पडत होता एवढेच. संघ तरी कसा? रोहित शर्मा, यशस्वी जयस्वाल, अजिंक्य रहाणे, श्रेयस अय्यर, शिवम दुबे, शार्दूल ठाकूर! एखाद्या कसोटी संघाला हेवा वाटावा अशी यादी. आणि पहिला डाव १२० धावांत आटोपला!

सगळे एकदम बोलत होते. मावशी मात्र सुरमईचे तुकडे करता करता म्हणाली, “मोठे आले, बरा झाला. पन आधी खेलत होता तो पोरगा कुठं गेला?”

एकदम शांतता पसरली. कारण हा प्रश्न आम्हा जाणकारांपैकी एकालाही पडला नव्हता.

तो पोरगा म्हणजे आयुष म्हात्रे. वय वर्षे सतरा. लहानपणी विरारहून आजोबांचे बोट धरून आमच्या शेजारच्या माटुंग्यापर्यंत क्रिकेटसाठी येणारा हा मुलगा त्या हंगामात मुंबईच्या सलामीला खेळत होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्राविरुद्ध त्याने १७६ धावा काढल्या होत्या. रोहित आणि यशस्वी आले, तेव्हा सलामीची जागा अर्थातच त्यांची झाली. ओदिशाविरुद्ध नाबाद १६९ धावा करणारा सिद्धेश लाडही त्या अकरांत नव्हता.

आता तो हंगाम मागे पडला आहे. राग निवला आहे. बँकेत आम्ही वर्षअखेरीला सगळ्या नोंदी शांतपणे पुन्हा तपासत असू, तसा त्या हंगामाचा हिशेब आता मांडायला हरकत नाही.

जमेची बाजू आधी पाहू. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर विदर्भाला हरवून मुंबईने आपले बेचाळिसावे रणजी विजेतेपद मिळवले होते. त्यानंतर ऑक्टोबरात लखनौला सरफराज खानच्या नाबाद २२२ धावांच्या बळावर इराणी करंडक सत्तावीस वर्षांनी घरी आला. डिसेंबरात सय्यद मुश्ताक अली करंडकही जिंकला. रणजीत बडोद्याकडून पहिलाच सामना ८४ धावांनी गमावला खरा, पण मग महाराष्ट्र, ओदिशा आणि सेनादल यांना हरवून गाडी रुळावर आली. ओदिशाविरुद्ध श्रेयसने २३३ धावा केल्या.

नावेची बाजू अशी की, कठीण वेळ आली की वरची फळी कोसळे आणि खालची मंडळी डाव सावरत. जम्मू-काश्मीरविरुद्ध दुसऱ्या डावात सात बाद १०१ असताना शार्दूल आणि तनुष कोटियन यांनी १८४ धावांची भागीदारी केली. शार्दूलने ११९ काढल्या, म्हणून निदान २०५ धावांचे आव्हान तरी देता आले. कोलकात्याला उपान्त्यपूर्व सामन्यात हरयाणाविरुद्ध सात बाद ११३ अशी स्थिती झाली, तेव्हा शम्स मुलानीने ९१ आणि कोटियनने ९७ धावा केल्या. तो सामना १५२ धावांनी जिंकला. पण दरवेळी तळमजल्यावरच्या बिऱ्हाडकरूंनी वरच्या मजल्याचे गळणारे छप्पर दुरुस्त करायचे, हे किती दिवस चालणार? फेब्रुवारी २०२५ मध्ये नागपूरच्या उपान्त्य सामन्यात ते चालले नाही. पार्थ रेखडे या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार यादव आणि दुबे यांना बाद केले. सलामीच्या आकाश आनंदने १०६ धावा काढून एक बाजू लावून धरली. तरीही मुंबई ८० धावांनी हरली.

विदर्भाने मग करंडकही जिंकला. त्यांच्या हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ बळी घेऊन विक्रम केला. यश राठोडने ९६० धावा केल्या. त्यांच्या यादीत आपल्याइतकी झगमगती नावे नव्हती. पण हंगामाच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच मंडळी मैदानात होती. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर मस्टरवर त्यांची सही रोज होती.

म्हणून मोठ्यांना येऊच देऊ नये, असे मात्र मी म्हणणार नाही. रोहितसारखा खेळाडू रणजीत उतरला, म्हणून त्या मैदानावर माणसांची रीघ लागली. उमर नझीर या उंच वेगवान गोलंदाजाने त्याला अवघ्या तीन धावांवर बाद केले आणि जल्लोष केला नाही, कारण तो स्वतःच रोहितचा चाहता! तो चेंडू तो नातवंडांना सांगेल. शिवाय त्याच सामन्यात शतक ठोकणारा शार्दूलही भारताकडून खेळलेलाच. तेव्हा मोठे विरुद्ध छोटे असा हा सोपा हिशेब नाही. निवड करणाऱ्याला अकराच जागा असतात आणि बारावा माणूस नेहमीच लायक असतो. दुःख तेच आहे.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण एकदा ती यादी मी स्वतः केली आहे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. मी बँकेत नवा अधिकारी होतो आणि आमच्या विभागाच्या क्रिकेट संघाची जबाबदारी माझ्याकडे आली होती. क्लिअरिंगमध्ये एक डावखुरा कारकून होता. खेळ बेताचा, पण क्षेत्ररक्षण फार चांगले. तो कल्याणला राहायचा. सरावाला सर्वांत आधी यायचा आणि बॅटी-पॅडांची ती अवजड पिशवी लोकलच्या गर्दीतून तोच न्यायचा-आणायचा. कपाटाची किल्लीही त्याच्याचकडे असे. साखळीतले सगळे सामने तो खेळला. अंतिम सामन्याच्या आठवड्यात दुसऱ्या कार्यालयातून बदली होऊन एक नावाजलेला खेळाडू आमच्याकडे आला. साहेबांनी विचारले, “घेताय ना त्याला?” मी मान डोलावली.

शुक्रवारी पाच वाजता मी नोटीस बोर्डावर यादी लावली आणि मागच्या जिन्याने निघून गेलो. का? त्याची गाठ पडू नये म्हणून.

सामना आम्ही जिंकलो. नव्या खेळाडूने सत्तरएक धावा केल्या. साहेब खूश झाले. माझी निवड अगदी बरोबर ठरली. रविवारी तो कारकून पिशवी घेऊन मैदानावर आलेला होता. त्याने सगळ्यांना पाणी दिले, टाळ्याही वाजवल्या. सोमवारी सकाळी तो माझ्या टेबलापाशी आला, कपाटाची किल्ली काचेवर ठेवली आणि म्हणाला, “साहेब, सामान मोजून ठेवलंय.” त्यानंतर तो पुन्हा कधी खेळला नाही. वर्षभराने त्याने बदली मागून घेतली.

मी नंतर कितीतरी जणांच्या बढत्यांचे आणि बदल्यांचे कागद हाताळले, कादंबऱ्या लिहिल्या, माणसांच्या मनाबद्दल पुष्कळ शाई खर्च केली. पण त्या शुक्रवारी “उद्या तुला बसवतोय, आणि कारण हे आहे” एवढे एक वाक्य मला बोलता आले नव्हते. सामना हरलो असतो तर निदान चूक कबूल करायला जागा राहिली असती. जिंकल्यामुळे तीही गेली.

मुंबई क्रिकेटला हे दुःख नवे नाही. पद्माकर शिवलकरांनी प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ५८९ बळी घेतले. १९७२-७३ च्या अंतिम सामन्यात तामिळनाडूविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात १६ धावांत आठ आणि दुसऱ्यात १८ धावांत पाच बळी टिपले. तरी कसोटीची टोपी त्यांना मिळाली नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. बेदींना घेणे चूक होते असे कोण म्हणेल? ३ मार्च २०२५ रोजी, नागपूरच्या पराभवानंतर दोनच आठवड्यांत, शिवलकर गेले.

आणि अमोल मुजुमदार. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी ६६४ धावांची भागीदारी करत होते, तेव्हा शारदाश्रमाचा पुढचा फलंदाज म्हणून अमोल पॅड बांधून बसला होता. त्याची पाळी आलीच नाही. पुढे रणजी पदार्पणात त्याने २६० धावा केल्या, २००६-०७ मध्ये पहिले तिन्ही सामने हरलेल्या मुंबईचा कर्णधार म्हणून करंडक जिंकून दिला. पण भारताकडून एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही.

पण ही गोष्ट इथे संपत नाही. हाच अमोल भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला. २०२५ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जला बाहेर बसवावे लागले. आयुष्यभर यादीबाहेर राहिलेला माणूस आता यादी करणाऱ्यांच्या बाजूला होता! पुढच्याच सामन्यात जेमिमा परत आली, नाबाद ७६ धावा केल्या, आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात नाबाद १२७. २ नोव्हेंबरला विश्वचषक भारताचा झाला. बाहेर बसवलेल्या खेळाडूसाठी दार उघडे ठेवले, तर तो कसा परत येतो, ते त्या रात्री घरोघरी टीव्हीसमोर बसून आपण सर्वांनी पाहिले.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी मैदानावर जात असेल. एखाद्या संध्याकाळी ते पोर उतरल्या चेहऱ्याने घरी येईल आणि “माझं नाव नाही” असे सांगेल. तेव्हा निवडणाऱ्यांना शिव्या देऊ नका आणि “पुढच्या वेळी होईल” म्हणून घाईने विषयही बदलू नका. जेवायला वाढा आणि दिवसभर काय काय झाले ते त्याला सांगू द्या. आणि आपल्यापैकी कोणाच्या हाती यादी करण्याचे काम आले, मग ते गल्लीतल्या संघाचे असो, शाळेच्या नाटकाचे असो की कचेरीतल्या बढतीचे, तर मागच्या जिन्याने जाऊ नका.

त्या हंगामाचे एक सांगायचे राहिले. जम्मू-काश्मीरच्या सामन्यानंतर रोहित, यशस्वी आणि श्रेयस इंग्लंडविरुद्धच्या मालिकेसाठी गेले. उरलेल्या संघाने मेघालयाला एक डाव आणि ४५६ धावांनी हरवले. शार्दूलने हॅटट्रिक घेतली तेव्हा पाहुण्यांची अवस्था सहा बाद दोन अशी होती. सिद्धेश लाडने १४५ धावा केल्या. गंमत पाहा, आपल्याला हरवणाऱ्या जम्मू-काश्मीरनेच बडोद्याला हरवले आणि आपला बाद फेरीचा रस्ता मोकळा करून दिला.

२ फेब्रुवारीच्या रविवारी आमची समिती पुन्हा भरली. सरदारजी शार्दूलची हॅटट्रिक हातवारे करून दाखवत होते. मावशीने माझी पिशवी ओढून घेतली आणि विचारले, “आला काय तो पोरगा परत?”

“आला,” मी म्हणालो. त्याने पाचच धावा केल्या होत्या, ते काही मी सांगितले नाही.

“मंग बरा,” ती म्हणाली, आणि पापलेट तोलू लागली.