थँक्स म्हणा आणि पुढे चला

आदिलाबादच्या बाजारात तासाभरात चार भाषा कानावर पडतात. तेलुगू, मराठी, दखनी उर्दू आणि आठवडी बाजार असेल तर गोंडीही. आभाराला मात्र चौघींत आता ‘थँक्स’ चालतं. तेलुगूत त्याला आदराचा शब्द जोडून ‘थँक्स अंडी’ म्हणतात. पैनगंगेपलीकडून पहिल्यांदाच आलेल्या पाहुण्याला क्षणभर वाटतं, अंडी कुणी मागितली?

बेला, जैनथ या पट्ट्यातली मराठी जुनी आहे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा नांदेडला जोडले गेले, 1959 मध्ये राजुरा चांद्याकडे गेलं, ही गावं अलीकडेच राहिली. घरी मराठी, कचेरीत तेलुगू असं इथलं पोर आता इंग्रजीही शिकतंय. तेलंगणच्या सरकारी शाळांत 2022-23 पासून पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आलं. पण थँक्स कधी, किती आणि कुणाला म्हणायचं, हे धड्यात सापडत नाही.

अडचण अशी की आपलं ‘धन्यवाद’ मंचावरचं आहे. आभारप्रदर्शन हा कार्यक्रमाचा शेवटचा भाग. तोवर निम्म्या खुर्च्या रिकाम्या. घरात, शेतात ते कुणी उच्चारत नाही. कापसाचा बोजा डोक्यावर चढवायला कुणी हात लावला, तर ‘बरं झालं बा तू होतास’ एवढं पुरतं. शेजारी वेचणीला आला की त्याच्या वावरात आपण जायचं, फिटंफाट. या सवयीचा मुलगा हैदराबादला नोकरीला लागला की एक तर गप्प राहतो, नाही तर पेन देणाऱ्यालाही ‘आय ॲम व्हेरी थँकफुल टू यू सर’ ऐकवतो. गप्प राहणारा उर्मट ठरतो आणि दुसऱ्याला लोक हसतात. माझ्या मते दुसऱ्याचं नुकसान जास्त, कारण त्याला वाटतं आपलं बरोबरच आहे.

इंग्रजीतलं रोजचं थँक्स उपकाराची पावती नव्हे. देवघेव संपली, एवढंच ते सांगतं. म्हणून ते हलक्या आवाजात, चालता चालता म्हणायचं. दार धरून ठेवलं, सुटे पैसे दिले, थँक्स. ब्रिटनमध्ये बसमधून उतरताना चालकाला थँक्स किंवा ‘चिअर्स’ म्हणतात, हातात ग्लास नसतानाही. कुणी खरंच खटपट केली असेल तर कामाचं नाव घ्यावं: ‘थँक्स फॉर वेटिंग’. उत्तरही हलकंच: ‘नो प्रॉब्लेम’, ‘शुअर’, ऑस्ट्रेलियात ‘नो वरीज’. ‘यू आर वेलकम’ जरा इस्त्रीचं वाटतं. आपल्याकडे पाठ करून घेतलेलं ‘मेन्शन नॉट’ तिकडे कुणी म्हणत नाही.

इंग्रज माणूस घरातही सतत आभार मानतो, हाही समज फारसा खरा नाही. 2018 साली ‘रॉयल सोसायटी ओपन सायन्स’मध्ये आठ भाषांतल्या रोजच्या बोलण्याचा अभ्यास छापून आला. ओळखीच्या माणसांनी मागितलेली वस्तू दिली, सांगितलेलं काम केलं, तरी आभार मानले गेले साधारण वीसातून एकदा. इंग्रजी आणि इटालियन त्यातल्या त्यात पुढे. इंग्रजीत सातातून एकदा. इक्वेडोरमधल्या चापाला भाषेत तर आभाराचा ठरलेला शब्दच नाही. म्हणजे घरच्यांपाशी सगळीकडे बहुधा आपल्यासारखंच आहे. थँक्सची खरी गरज परक्यांत.

एका जागी मात्र ते हमखास लागतं: नकार देताना. बेल्यात पाहुणा ‘चहा नको’ म्हणाला तरी कोणी मनावर घेत नाही. दोनदा आग्रह होतो, तिसऱ्यांदा कपच हातात येतो. इंग्रजीत नुसतं ‘नो’ तुटक वाटतं, ‘नो, थँक्स’ म्हणावं लागतं. फक्त आधी चहा खरंच नको आहे ना, हे ठरवून घ्यावं. तिकडचा यजमान बहुतेक वेळा तेवढ्यावरच किटली खाली ठेवतो.