तळ्याकांठची ढोकरी

बगळा म्हटला कीं पांढराशुभ्र पक्षी डोळ्यांपुढें उभा राहतो. ढोकरी बगळ्यांच्याच कुळांतली, परंतु मातकट रंगाची व जेमतेम दीड फूट लांबीची. (नरालाही आपण ढोकरीच म्हणतों, त्याला इलाज नाहीं.) तिचें दुसरें नांव वंचक, आणि तें अगदीं सार्थ आहे. तळ्याच्या कांठीं ती मान खांद्यांत ओढून निश्चळ बसते. पाठीचा रंग व मानेवरील उभ्या रेघा चिखलांत आणि वाळल्या लव्हाळ्यांत अशा मिसळतात कीं दहा पावलांवरूनही ती दिसूं नये. आपण आणखी एक पाऊल टाकावें, तों कर्कश ओरडून मातीचें ढेंकूळच पांढरे पंख पसरून उडतें! पंख, शेपटी व कंबर हीं मुळांतच पांढरीं. बसल्यावर पाठीच्या पिसांचें पांघरूण त्यांवर पडतें, एवढेंच या जादूचें रहस्य.

माणूस जवळ आला तरी ती हालत नाहीं, म्हणून हिंदींत तिला ‘अंधा बगला’ म्हणतात. हा शुद्ध अन्याय होय. गढूळ पाण्यांतील मासोळीची वा बेडकीची चाहूल हेरणारा पक्षी आंधळा कसा असेल? शास्त्रास तिची ओळख झाली ती आपल्याच दख्खनमधून. साइक्स या लष्करी अधिकाऱ्यानें १८३२ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें.

पावसाळा आला कीं ती ओळखूं येत नाहीं. पाठीवर गडद किरमिजी रंगाचीं लांब पिसें येतात, डोक्यावर पांढरे तुरे लोंबूं लागतात. मग चिंचेवर, वडावर, प्रसंगीं शहरांतल्या भर रस्त्यावरच्या झाडावरही काटक्यांचीं ओबडधोबड घरटीं होतात. एकेका झाडावर अनेक. अंडीं ३ ते ५, फिकट निळसर हिरवीं. तीं नरमादी दोघेंही उबवितात.

तळ्यावर निश्चळ बसणें हें तिचें कवच. घरट्यांत तें कामास येत नाहीं. शहरांतून फांद्या छाटण्याचें काम पुष्कळदां ऐन पावसांत, नेमकें पिलें घरट्यांत असतांना निघतें, आणि उडतां न येणारीं पिलें फांदीबरोबर रस्त्यावर येतात. झाडाखालच्या रहिवाशांस विष्ठेची दुर्गंधी सोसवत नाहीं, ही तक्रार कांहीं खोटी नव्हे. तथापि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वन्य पक्ष्यांच्या अंड्यांस व घरट्यांस संरक्षण दिलें आहे. धोक्याच्या फांद्या फाल्गुनांतच, घरटीं होण्यापूर्वीं उतरवितां येतात, राहिलेल्या दिवाळीनंतर.