गाडी खोटं बोलली, तर जबाबदार कोण?

रिक्षावाल्याकडे किंवा टेम्पोवाल्याकडे पीयूसी नसेल, तर मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अनेकांची ती महिन्याची कमाई असते. पण प्रदूषण लपवण्याची सोय खुद्द कंपनीनेच गाडीत करून ठेवली असेल तर? मग दंड कोणाला, किती आणि कोणत्या कायद्याने? कार्यकर्त्यांनी हा प्रश्न समजून घ्यायला हवा. कारण धूर गाडीतल्या माणसापेक्षा रस्त्यावरच्या माणसाच्या छातीत जास्त जातो.

फसवणूक कशी झाली?

डिझेल इंजिनातून नायट्रोजन ऑक्साइड हे वायू बाहेर पडतात. त्यांनी श्वसनमार्गाला सूज येते, दमा बळावतो आणि हवेत सूक्ष्म कणही तयार होतात. फोक्सवॅगन या जर्मन कंपनीने आपल्या डिझेल गाड्यांच्या संगणकात एक सॉफ्टवेअर टाकले होते. स्टिअरिंग किती वळते, वेग कसा बदलतो, इंजिन किती वेळ चालले यावरून गाडी प्रयोगशाळेत आहे की रस्त्यावर, हे ते ओळखायचे. चाचणी सुरू असली की धूर नियंत्रण पूर्ण क्षमतेने चालायचे. गाडी रस्त्यावर आली की ते सैल पडायचे. अशा यंत्रणेला कायद्याच्या भाषेत ‘डिफीट डिव्हाइस’ म्हणतात.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून मोजमाप केले, तेव्हा आकडे जुळेनात. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने कंपनीला नोटीस बजावली. काही गाड्या मर्यादेच्या ४० पटीपर्यंत वायू सोडत होत्या. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या असल्याचे कंपनीनेच मान्य केले.

तीन देश, तीन न्याय

अमेरिकेत ‘क्लीन एअर ॲक्ट’नुसार डिफीट डिव्हाइस बसवणे हाच गुन्हा आहे. प्रत्येक माणसाचे नुकसान वेगळे सिद्ध करावे लागत नाही. २०१६ मध्ये १४.७ अब्ज डॉलरपर्यंतची तडजोड झाली. त्यात सुमारे पावणेपाच लाख गाड्या परत घेणे किंवा दुरुस्त करणे, मालकांना भरपाई देणे आणि पर्यावरणाच्या नुकसानीसाठी २.७ अब्ज डॉलरचा निधी उभारणे हे सगळे होते. २०१७ मध्ये कंपनीने फौजदारी गुन्हा कबूल केला आणि आणखी ४.३ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. दोन कर्मचारी तुरुंगात गेले.

युरोपात असे डिव्हाइस २००७ च्या नियमानेच निषिद्ध होते, पण ग्राहकाला हक्कासाठी वर्षानुवर्षे भांडावे लागले. २५ मे २०२० रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला, की कंपनीने जाणूनबुजून अनैतिक मार्गाने ग्राहकाचे नुकसान केले. ग्राहक गाडी परत देऊन पैसे मागू शकतो, मात्र जितकी वापरली तितकी रक्कम वजा होईल. मार्च २०२३ मध्ये मर्सिडीजच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. हेतुपुरस्सर फसवणूक सिद्ध झाली नाही, निष्काळजीपणा असला, तरी उत्पादक जबाबदार ठरू शकतो. त्यानंतर जर्मन न्यायालयाने अशा ग्राहकांसाठी गाडीच्या किमतीच्या ५ ते १५ टक्के भरपाई ठरवली. मे २०२५ मध्ये फोक्सवॅगनच्या चार माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवण्यात आले आणि त्यातील दोघांना प्रत्यक्ष कैद झाली. म्हणजे घोटाळा उघड झाल्यानंतर जवळपास दहा वर्षांनी.

भारतात पुण्याच्या ‘एआरएआय’ने गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. तज्ज्ञ समितीने फक्त दिल्लीतील आरोग्याचे नुकसान १७१ कोटी ३४ लाख रुपये काढले. ७ मार्च २०१९ रोजी न्यायाधिकरणाने कंपनीला ५०० कोटी भरण्याचा आदेश दिला. रस्त्यावरच्या चाचणीसाठी भारतात मानकच नाही, त्यामुळे आपण नियम मोडलेला नाही, असा कंपनीचा बचाव होता. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीवर सक्तीची कारवाई करण्यास स्थगिती दिली. मात्र एका ग्राहकाने उत्तर प्रदेशात दाखल केलेला फसवणुकीचा गुन्हा रद्द करण्यास याच न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये नकार दिला.

कोण मोजले गेले, कोण सुटले?

समाजशास्त्राच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट डोळ्यात भरते. जर्मनीत न्याय कोणाला मिळाला? ज्याने गाडी विकत घेतली त्याला. त्याच्याकडे पावती होती, करार होता. पण हवा ज्याने घेतली त्याच्याकडे पावती नसते. चौकातला वाहतूक पोलीस, हातगाडीवाला, झाडूवाली ताई, महामार्गाला लागून असलेल्या वस्तीतले मूल यांच्यापैकी कोणाचा दमा नेमक्या कोणत्या गाडीमुळे वाढला, हे कोर्टात कधीच सिद्ध होणार नाही. आणि नेमकी याच अडचणीची सावली कंपन्यांना मिळते.

म्हणून हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाचे मोल वेगळे आहे. त्याने हिशेब गाडीच्या किमतीचा नाही, लोकांच्या आरोग्याचा मांडला. ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व न्यायाधिकरणाच्या कायद्यातच, कलम २० मध्ये आहे. स्वच्छ हवा हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटले आहे. उणीव एवढीच, की वसूल होणारा पैसा धूर सोसणाऱ्यांपर्यंत कसा पोहोचणार, याची ठोस वाट अजून कोणी आखलेली नाही.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, पीयूसी म्हणजे स्वच्छतेची हमी नाही. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता तपासतात, नायट्रोजन ऑक्साइड नाही. त्यामुळे ही चोरी पीयूसी केंद्रावर कधीच पकडली गेली नसती.

दुसरी, कायदा आता थोडा बदलला आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११० अ नुसार पर्यावरणाला घातक दोष असलेल्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकते आणि नियम मोडणाऱ्या उत्पादकाला १०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एप्रिल २०२३ पासून नव्या गाड्यांना रस्त्यावरील उत्सर्जन चाचणीही लागू झाली आहे. चाचण्यांचे निकाल मागणे हे माहिती अधिकाराचे काम आहे.

तिसरी, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सदोष उत्पादनासाठी उत्पादकाला जबाबदार धरणारे स्वतंत्र प्रकरण आहे. आणि जो ग्राहक नाही त्याच्यासाठी हरित न्यायाधिकरण आहे. त्याचे पश्चिम विभागाचे पीठ पुण्यातच आहे. प्रदूषणाच्या भरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत करावा लागतो, इतर पर्यावरणीय वादांसाठी मुदत सहा महिन्यांचीच आहे. मुदत गेली की खरी तक्रारही दारातून परत येते.

मित्रांनो, वस्तीतल्या दम्याच्या रुग्णांची नोंद ठेवा, तारखा लिहा, दवाखान्याचे कागद सांभाळा. कंपनीकडे वकील असतात, सॉफ्टवेअर असते. आपल्याकडे निदान नोंदी तरी असल्या पाहिजेत. मोजमाप नसेल, तर कोर्टात आपला श्वास मोजलाच जाणार नाही.