नौकेवरचा संगणक आणि १०२४ आठवडे

कांदिवलीच्या एका शाळेत शिक्षकांशी बोलताना 'म्हादेई'चा विषय निघाला. गोव्यात बांधलेल्या या शिडाच्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ ते मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एका बाईंनी विचारले, "भर समुद्रात संगणक बंद पडला असता तर?"

बंद पडला तर ते निदान कळते. मग होकायंत्र, कागदी नकाशा आणि सेक्स्टंट बाहेर काढायचे. मुंबईतच बांधलेल्या 'सुहेली'तून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ साली कुठेही न थांबता एकटेच जग फिरून आले, तेही संगणकाशिवाय. आम्हांला भीती वाटते ती सुरळीत चालणाऱ्या, पण चुकीचे सांगणाऱ्या संगणकाची.

जीपीएस उपग्रह आपल्या संदेशात आठवड्याचा क्रमांक आणि त्या आठवड्यातील वेळ सांगतात. मोजणी ६ जानेवारी १९८० पासूनची. जुन्या पद्धतीच्या संदेशात या क्रमांकासाठी फक्त १० बिट ठेवले आहेत. दहा बिटांत ० ते १०२३ एवढेच आकडे मावतात. पुढे स्कूटरच्या मीटरमध्ये ९९९९९ नंतर शून्ये येतात तसेच होते. १०२४ आठवडे म्हणजे सुमारे १९.६ वर्षे. ऑगस्ट १९९९ आणि एप्रिल २०१९ मध्ये हे घडले. यानंतर नोव्हेंबर २०३८ मध्ये घडेल. नव्या संदेशांत १३ बिट आहेत, पण जुनी यंत्रे ते संदेश वाचत नाहीत. काही उत्पादक १०२४ आठवडे आपली आज्ञावली लिहिल्याच्या सुमारापासून मोजतात. अशा यंत्रात चूक भलत्याच दिवशी, कोणाच्या ध्यानीमनी नसताना उगवते.

गंमत म्हणजे अशा वेळी यंत्र बहुधा जागा बरोबर दाखवते, तारीख मात्र जवळजवळ वीस वर्षे मागची. मग बिघडले कुठे? भरती-ओहोटीचे गणित तारखेवरून होते. चारकोपच्या बाजूची खाडी उधाणाला आणि ओहोटीला ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणात पाण्याची पातळी चार मीटरहून अधिक खाली-वर होते. पडदा भरती सांगतो आहे आणि नौकेचा तळ चिखलात रुतला आहे, असे होऊ शकते.

आज्ञावली निर्दोष असूनही फसगत होते. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्री 'टीम वेस्टास विंड' ही शर्यतीची नौका मॉरिशसच्या ईशान्येला एका प्रवाळखडकावर आदळली. नऊही खलाशी वाचले, हे नशीब. नौकेवर जीपीएस होते, इलेक्ट्रॉनिक नकाशाही होता. पण नकाशा लहान प्रमाणावर पाहिला की गर्दी टाळण्यासाठी संगणक तपशील गाळतो. तिथे उथळ भाग असल्याचे दिसत होते, खडक मात्र नकाशा मोठा केल्याशिवाय दिसत नव्हता. भिंतीवरच्या जगाच्या नकाशात कांदिवली सापडत नाही, म्हणून ती नाही असे कोणी म्हणत नाही. पडद्यापुढे बसल्यावर मात्र आपण हे विसरतो.

म्हणून जाणते नाविक निघण्याच्या आदल्या दिवशी नवी आज्ञावली घालत नाहीत. घातलीच तर बंदरात चार दिवस चालवून पाहतात. वेगळ्या बॅटरीवर चालणारे दुसरे यंत्र ठेवतात, कारण इंजिन सुरू करताना विजेचा दाब क्षणभर घसरून संगणक नव्याने सुरू होऊ शकतो. आणि दर तासाला वहीत जागा, दिशा व वेग लिहितात. तासाला ६ सागरी मैल वेगाने निघालेली नौका तासाभरात ९ मैल गेल्याचे पडदा सांगू लागला, तर तो जोरदार प्रवाह तरी असेल, नाहीतर थाप.

आकडे भरणारा माणूसही चुकतो. कांदिवलीतून १९ अंश १२.३० मिनिटे हे उत्तर अक्षवृत्त जाते. वर्गात कोणीतरी ते हमखास १२ मिनिटे ३० सेकंद असे वाचेल. खरे तर ०.३० मिनिट म्हणजे १८ सेकंद. फरक १२ सेकंदांचा, म्हणजे ०.२ मिनिटाचा, आणि अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. मुलांना गुणाकार करू द्यावा. उत्तर ३७० मीटर येईल, आणि खाडीच्या तोंडाशी तेवढ्यात पाणी संपून खडक लागतो.